स्लॅबच्या काळातल्या इमारती: खान्देशात पायी फिरून कशा बघायच्या

पाहुणा आला की आपण त्याला पाटणादेवीला नेतो, पद्मालयाला नेतो, वेळ असला तर पारोळ्याचा नाहीतर लळिंगचा किल्ला दाखवतो. पंचायत समितीची इमारत कोणी दाखवत नाही. एसटी स्टँडचं छत मान वर करून कोणी बघत नाही. खरं तर जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव या गावांचा आजचा चेहरा घडला तो याच इमारतींनी. साधारण १९५० ते १९८० या तीस वर्षांत कचेऱ्या, शाळा, दवाखाने, बँका, बसस्थानकं, सरकारी क्वार्टर्स भराभर उभी राहिली. सपाट छत, लांबच लांब छज्जे, सिमेंटच्या जाळ्या, कुठेही नक्षी नाही. लोक याला ‘खोका’ म्हणून मोकळे होतात. खोका कसा वाचायचा ते कळलं, की दोन किलोमीटरच्या फेरीत दोन तास पुरत नाहीत.

आधी थोडी पार्श्वभूमी. दुसरं महायुद्ध संपल्यावर जगभर झटपट, स्वस्त आणि पुष्कळ बांधायची वेळ आली. युरोपात बेचिराख शहरं होती, आपल्याकडे नवं राज्य होतं. या काळातल्या बांधकामाला आधुनिकतावादी स्थापत्य म्हणतात. चंदीगड हे नवं शहर आखायला ल कार्बुझिए हा फ्रान्समधला वास्तुविशारद १९५१ मध्ये भारतात आला. त्याच सुमारास आचऱ्याचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे हार्वर्डला ग्रोपियस या आधुनिकतावादी गुरूच्या हाताखाली शिकून परतले होते आणि अहमदाबादेत कापड-संशोधनाच्या ‘अटिरा’ संस्थेची इमारत उभी करत होते. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी कार्बुझिएकडून शिकून अहमदाबादेतच स्थिरावले आणि २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर हे स्थापत्यातलं मानाचं पारितोषिक मिळालं.

खान्देशात असा कोणी नामवंत येऊन बसला नाही. इथे आलं ते बांधकाम खातं. महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला, जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या. पूर्व खान्देशचा जळगाव आणि पश्चिम खान्देशचा धुळे जिल्हा झाला. या सगळ्या नव्या कारभाराला बसायला जागा लागणार होती. मग एकच नमुना-नकाशा थोडाफार बदलून तालुक्या-तालुक्याला बांधला गेला. इमारतीवर आर्किटेक्टचं नाव नसतं ते यामुळे.

खोक्याच्या आत काय चाललंय

जुन्या वाड्यात भिंत वजन पेलते, म्हणून भिंत जाड आणि खिडकी लहान. आरसीसीच्या, म्हणजे सळी घातलेल्या काँक्रीटच्या इमारतीत वजन कॉलम आणि बीम पेलतात. भिंत हा नुसता पडदा. तो कुठेही घ्या, नाहीतर घेऊच नका. लांब आडव्या खिडक्या, खालचा मजला मोकळा ठेवून वर इमारत, कोपऱ्यात खांब नसलेला पोर्च हे सगळं या एका बदलातून आलं. फेरीत पहिल्या थांब्यावर एवढंच दाखवायचं: कॉलम कुठे आहेत ते मोजा. बाहेरून दिसत नसतील तर छताच्या खालून डोकावणारे बीम बघा. दोन बीममधलं अंतर सगळीकडे सारखं निघतं, बहुतेक वेळा १० ते १२ फूट. ते अंतर सापडलं की एका खोलीला किती गाळे हेही कळतं.

नक्षी नाही याचं अर्धं कारण विचारात आहे, अर्धं सिमेंटच्या परमिटात. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. ते १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. त्याआधी पोतं मिळवायला अर्ज, शिक्का, रांग. त्यामुळे प्रत्येक इंचाचा हिशेब असे. इमारतीच्या दर्शनी भागात कोनशिला असेल तर तिच्यावरची तारीख आणि उद्घाटनाच्या फरशीवरची तारीख दोन्ही टिपा. मधलं अंतर चार-पाच वर्षं निघालं, तर सिमेंट-लोखंडाची टंचाई हे एक कारण नक्की धरून चाला.

काटकसरीतून कलाही निघते, हे खान्देशाने त्याआधीच पाहिलं होतं. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं, तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या सामानातून सगळं नगर सजवलं. सिमेंटचा त्यात काही भाग नव्हता. हिशेब मात्र तोच होता.

धाबं गेलं, स्लॅब आला

सपाट छत हे परदेशी खूळ, असं म्हणणाऱ्याला खान्देशी माणसाने हसावं. आपली जुनी घरं धाब्याचीच. लाकडी सऱ्या, त्यावर फळ्या नाहीतर काड्या, त्यावर फूटभर माती. उन्हाळ्यात रात्री झोपायला आपण आजही ‘धाब्यावर’ जातो, मग ते धाबं आरसीसीचं का असेना. शब्द टिकला, वस्तू बदलली. आणि वस्तू बदलल्याने जे झालं, ते प्रत्येक खान्देशी घराने मे महिन्यात भोगलंय.

फूटभर मातीतून ऊन आत उतरायला संध्याकाळ उलटून रात्र होते. तोवर बाहेर गारवा असतो आणि दारं उघडता येतात. चार-पाच इंची स्लॅबमधून तेच ऊन तीन-चार तासांत खाली पोचतं. दुपारी दोनला वर तापलेला स्लॅब पाच-सहाला खालच्या खोलीत आग ओकतो, नेमका तेव्हा जेव्हा बाहेरची हवाही अजून तापलेलीच असते. स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा केला, म्हणजे विटांचे तुकडे चुना-सिमेंटात बसवून तीन-चार इंचांचा थर दिला, तर ही वेळ पुढे ढकलली जाते आणि पाण्याला ढाळही मिळतो. जुन्या सरकारी इमारतींच्या गच्चीवर हा कोबा बहुधा असतो. गळती झाली म्हणून तो उकरून काढून वर नुसता काळा डांबरी कागद चिकटवला, की वरच्या मजल्यावरच्या कारकुनांचे हाल सुरू. पांढरा रंग दिला तर निदान थोडं ऊन परत जातं.

छज्ज्याचं गणित

फेरीचा खरा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबूया.

जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. म्हणजे २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो, २१ मार्चला ६९ अंशांवर, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा व जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा थेट डोक्यावर येतो. (जळगावात नेहरू चौकातली महापालिकेची ‘सतरा मजली’ फूटपट्टीसारखी वापरता येते. डिसेंबरातल्या दुपारी तिची सावली जवळपास तिच्या उंचीइतकीच लांब पडते.)

आता दक्षिणेच्या भिंतीतली चार फूट उंचीची खिडकी घ्या. तिच्या माथ्यालगत दोन फूट बाहेर आलेला छज्जा आहे. मार्चमध्ये दुपारी त्याची सावली भिंतीवर पाच फुटांहून जास्त उतरते, म्हणजे खिडकी पूर्ण सावलीत. डिसेंबरात तीच सावली दोन फूट उतरते. खिडकीचा खालचा अर्धा भाग उन्हात, टेबलावर कोवळं ऊन. उन्हाळ्यात सावली, थंडीत ऊन, आणि त्यासाठी लागलं फक्त दोन फूट काँक्रीट. दक्षिणेला छज्जा हे बिनचूक उत्तर आहे.

पश्चिमेला तोच छज्जा लावला की गणित कोलमडतं. मे महिन्यात सूर्याच्या वेळेनुसार चार वाजता ऊन साधारण ३४ अंशांवर असतं आणि जवळजवळ समोरून येतं. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली जेमतेम सोळा इंच उतरते. पाच वाजता नऊ इंच. खिडकीचा बाकी सगळा भाग उन्हात. इथे एक बारकावा लक्षात ठेवा: सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ एक नाही. घड्याळ ८२.५ रेखांशाचं, जळगाव साडेपंचाहत्तरच्या आसपास. त्यामुळे आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या सुमारे अठ्ठावीस मिनिटं मागे चालतो. सूर्याचे चार म्हणजे घड्याळात जवळपास साडेचार. कचेरी सुटेपर्यंत पश्चिमेच्या खोलीत ऊन का ठाण मांडून असतं, ते यावरून कळेल.

मग पश्चिमेला काय करायचं? उभ्या पट्ट्या. पण त्या भिंतीशी काटकोनात सरळ उभ्या केल्या तरी उपयोग नाही, कारण मे-जूनमध्ये दुपारचं ऊन पश्चिमेच्या किंचित उत्तरेकडून, म्हणजे दोन पट्ट्यांच्या मधून सरळ आत घुसतं. पट्ट्या तिरप्या वळवाव्या लागतात. अनेक जुन्या इमारतींवर सरळ उभ्या पट्ट्या दिसतात. त्या दिसायला झकास, कामाला अर्ध्या. ज्याने तिरप्या केल्या, त्याने ऊन मोजलं होतं असं समजा.

हे तुम्हाला फेरीतच मोजून दाखवता येतं. एक फूट लांबीची काठी सपाट जमिनीवर उभी धरा आणि तिची सावली मोजा. सावली दीड फूट आली, तर छज्ज्याची रुंदी भागिले दीड इतकी सावली भिंतीवर उतरणार. दोन फुटांचा छज्जा असेल तर सोळा इंच. मग टेपने भिंतीवरची खरी सावली मोजा. आकडे जुळले की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. अट एकच: ऊन भिंतीच्या बरोबर समोरून आलेलं असावं. तिरकं असेल तर काठीचा हिशेब चुकतो, आणि गटात कोणीतरी शाळामास्तर असतोच, तो ते दाखवून देतो.

मुंबईचा नकाशा, खान्देशाचं ऊन

या सगळ्या इमारतींबद्दल एक तक्रार मात्र आहे, आणि ती मोठी आहे. नमुना-नकाशे कागदावर काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बऱ्याचदा किनाऱ्यावरची हवा होती. दमट हवेत वारा हवा, म्हणून समोरासमोर मोठ्या खिडक्या, व्हरांड्याला जाळी, दाराच्या वर झडपा. मुंबईत हे छान. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंश ओलांडतो आणि दुपारी जो वारा सुटतो तो भट्टीतला. अशा वेळी वारा आत घेणं म्हणजे ताप आत घेणं. जुन्या खान्देशी घरात सकाळी दहाला दारं-खिडक्या बंद व्हायच्या आणि सूर्य कलल्यावर उघडायच्या. दिवसा जाड भिंत आणि सावली, रात्री वारा. इथली रीत हीच.

कचेरी दिवसाच चालते, रात्री बंद. म्हणजे इमारत गार करण्याची जी वेळ, तेव्हा कुलूप. म्हणून फेरीत प्रत्येक इमारतीसमोर हा प्रश्न विचारायचा: ही इथली आहे, की मुंबईहून आलीय? पश्चिमेला जिने, स्वच्छतागृहं, रेकॉर्ड रूम टाकल्यात का, म्हणजे तापणारी बाजू माणसांना द्यायची नाही? व्हरांडा दक्षिण-पश्चिमेला आहे का? भिंत नऊ इंचांची आहे की काळ्या पाषाणाची दीड फुटी? चौकात झाड आहे का? हे जिथे आहे, तिथे नकाशा काढणारा किंवा निदान काम बघणारा ओव्हरसियर इथलं ऊन ओळखत होता. जिथे नाही, तिथे खिडकीला पुठ्ठे, वाळ्याचे पडदे आणि बाहेर लटकलेले कूलर दिसतील. वाळ्याचा पडदा हा नकाशावरचा लाल शेरा आहे म्हणा ना.

सिमेंटच्या जाळ्यांचं कौतुक मात्र करायलाच हवं. आठ-नऊ इंची चौकोनी ठोकळे साच्यात पाडून रचलेले असतात. त्यातून उजेड येतो पण ऊन तुकड्या-तुकड्यांत येतं, आणि ठोकळ्याला तीन-चार इंच जाडी असल्याने प्रत्येक भोकाचा स्वतःचा छोटा छज्जा होतो. जिन्याला हे उत्तम. आता एसी लागला की पहिलं काम म्हणजे जाळी विटांनी बुजवणं. मग जिन्यात दिवसाही बल्ब लागतो.

बरोबर उत्तर बघायचं असेल तर

खान्देशातल्या फेरीला जोडून एकदा अहमदाबाद करावं. भुसावळ-सुरत लाइनीवरून थेट गाड्या आहेत, आणि ऊन आपल्यासारखंच आहे.

आश्रम रोडवर गिरणीमालकांच्या संघाची कार्बुझिएची इमारत आहे, १९५४ ची. तिच्या रस्त्याकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या अंगाला काँक्रीटच्या पट्ट्या तिरप्या आहेत. साबरमतीकडच्या पूर्वेच्या अंगाला सरळ. वर जे गणित केलं, ते तिथे उभं आहे. साबरमती आश्रमातलं चार्ल्स कोरियांचं संग्रहालय १९६३ चं. सहा बाय सहा मीटरचे चौकोन, विटांचे खांब, कौलारू छपरं, आणि काच नावालाही नाही, लाकडी झडपा. गांधींच्या वस्तू ठेवायला याहून साधं आणि याहून नेमकं काही सुचणं अवघड. लुई कान या अमेरिकी वास्तुविशारदाच्या आयआयएममध्ये विटांच्या मोठ्या कमानी आहेत आणि कमानीचे पाय फाकू नयेत म्हणून त्यांना खालून काँक्रीटचा ताण दिलेला आहे. विटेने दाब पेलायचा, काँक्रीटमधल्या सळीने ओढ पेलायची. तिथे आत जायला आधी परवानगी लागते, गेटवर जाऊन हुज्जत घालू नये.

घडीचं छत

गोदाम, सभागृह, बसस्थानक अशा ठिकाणी कधी कधी छत कागदाच्या घडीसारखं नागमोडी दिसतं. ते का, हे फेरीत एका कोऱ्या कागदाने दाखवता येतं. दोन पुस्तकं सहा इंच अंतरावर ठेवून वर कागद ठेवा. तो मध्येच लोंबतो. त्याच कागदाला अर्ध्या इंचाच्या घड्या घालून ठेवा; वर पेन ठेवलं तरी हलत नाही. सामान तेवढंच, ताकद घडीतून आली. काँक्रीटचंही तसंच. तीन-चार इंच जाडीचं पान घडी घातल्यावर मोठा पल्ला गाठतं आणि सळी कमी लागते. मात्र सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा लाकडी साचा, भयंकर किचकट. सळी महाग आणि सुतार स्वस्त होते तोवर हे परवडलं. मजुरी वाढली, सळी सहज मिळू लागली आणि घडी गेली. आला पत्र्याचा शेड.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली. त्यानंतर गावोगाव जी स्थानकं झाली, त्यात फलाटावरचं झुकतं छत बघा: एका ओळीत खांब आणि दोन्ही बाजूंना पंखासारखं छत. खांब फलाटाच्या मागच्या अंगाला असतील तर बसला वळायला आणि माणसाला चढायला अडथळा नाही. दीपनगरच्या विद्युत केंद्राचे कमरेत बारीक मनोरेही याच कुळातले, पण ते रस्त्यावरून बघायचे. वीज केंद्र, आयुध निर्माणी, रेल्वेच्या आतल्या जागा इथे फेरी नेऊ नये, कॅमेरा तर नकोच.

काय बिघडतं आणि का

जुन्या काँक्रीटचे आजार तीन-चारच आहेत, पण ते ओळखता आले तर फेरी सुरक्षितही होते.

त्या काळात माल बहुधा १:२:४ चा. एक पोतं सिमेंट, म्हणजे सव्वा घनफूट. अडीच घनफूट वाळू, पाच घनफूट खडी. आज याहून सकस माल सक्तीचा आहे. सळीवर काँक्रीटचं आवरण स्लॅबला १५ मिलिमीटर पुरे मानलं जाई. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० च्या आवृत्तीने ते सर्वसाधारणपणे २० केलं. हे पाच मिलिमीटर फार महत्त्वाचे. ताज्या काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेराच्या आसपास असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळी गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि पीएच नऊच्या खाली आणतो. ही सीमा सळीपर्यंत पोचली आणि त्यात पाणी मिळालं की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो, आवरण फोडतो, आणि एक दिवस छतातून पापुद्रा पडतो. म्हणून स्वच्छतागृहाखालचा स्लॅब, गच्चीवरच्या टाकीखालचा भाग आणि छज्ज्याची कड आधी बघायची. उघडी पडलेली सळी गुळगुळीत असेल तर काम बरंच जुनं, पिळदार असेल तर टोर सळी, म्हणजे साधारण सत्तरच्या दशकापासूनचं.

छज्ज्याचा आजार वेगळा. छज्जा भिंतीतून बाहेर लोंबतो, म्हणून त्याची वरची बाजू ताणली जाते आणि सळी वरच्या बाजूला हवी. स्लॅब ओतताना गवंडी-मजूर त्या सळीवरूनच घमेली घेऊन ये-जा करतात. सळी तुडवली जाऊन खाली बसते. वरून काहीच कळत नाही. वीस-तीस वर्षांनी छज्जा मुळाशी तडकतो आणि झुकतो. छज्ज्याच्या वरच्या अंगाला, भिंतीलगत सरळ रेघेसारखी तडा दिसली, तर गटाला त्याच्याखाली उभं करू नका. सावली तिथेच असते आणि लोक तिथेच जमतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवा. आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी अडवणारी बारीक खाच आहे का तेही बघा. ती रंगकामात बुजली की पावसाचं पाणी उलटं फिरून भिंतीपर्यंत जातं आणि ओल धरते.

अजून एक गंमत. ४५ मीटरपेक्षा लांब इमारत असेल तर मध्ये इंचभर फट सोडलेली असते, जमिनीपासून गच्चीपर्यंत सरळ. उन्हाने इमारत फुगते, थंडीत आकसते, तिला हलायला जागा हवी. दर दुरुस्तीत कोणीतरी ती फट प्लास्टरने गुळगुळीत करतो आणि पुढच्याच उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. मग ‘इमारत दुभंगली’ अशी बोंब होते. फट सरळ, उभी आणि सगळ्या मजल्यांवर एकाच ठिकाणी असेल, दोन्ही बाजूंना जोडीने कॉलम असतील, तर ती तडा नव्हे. वाकडी, पायऱ्यापायऱ्यांची, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली असेल तर ती तडा.

फेरी प्रत्यक्ष कशी घ्यायची

गट बारा जणांचा. पंधराच्या वर गेला की मागच्यांना ऐकू येत नाही आणि रस्ता अडतो. सहा थांबे, प्रत्येकी बारा मिनिटं, चालणं दीड किलोमीटर, एकूण दोन तास. जळगावात स्टेशन ते नेहरू चौक ते टॉवर चौक हा टप्पा सुरुवातीला सोयीचा, कारण सतरा मजली सतत डोळ्यासमोर राहते आणि कोणी हरवत नाही. धुळ्यात पांझरा नदीच्या अलीकडचे सरळ रेषेतले, नंबरांच्या गल्ल्यांचे भाग आधी दाखवून मग नव्या वसाहतींकडे वळावं. रस्त्यांची आखणी आधी कळली की इमारत कुठल्या दिशेला तोंड करून आहे आणि का, हे पटकन समजतं. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने धुळ्याला ठाणं केलं, त्यानंतरची ही सरळ आखणी.

वेळ मात्र जपून निवडा. सावल्या बघायच्या तर दुपार हवी, आणि आपल्याकडची दुपार नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच सोसवते. दक्षिणेच्या छज्ज्यासाठी डिसेंबरातली साडेबाराची वेळ, पश्चिमेच्या पट्ट्यांसाठी फेब्रुवारीतले साडेचार. एप्रिल-मेमध्ये फेरी घेण्याचा हट्ट असेल तर सकाळी सात ते नऊ. तेव्हा पूर्वेची भिंत पश्चिमेचंच काम करते, फक्त उलटं. प्रत्येकाकडे लिटरभर पाणी, डोक्याला रुमाल.

सरकारी आवारात शिरायचं तर आठवडाभर आधी कार्यालयप्रमुखाला साधं पत्र द्या: किती माणसं, किती वेळ, फोटो काढणार की नाही. पत्राची पोच घेऊन खिशात ठेवा. कारण गेटवर ‘फोटू कसाले काढी ऱ्हायनात भाऊ?’ हा प्रश्न ठरलेला आहे, आणि त्याला ‘आधुनिकतावादी स्थापत्य’ हे उत्तर चालत नाही. ‘दादा, बांधकाम बघतोय, साहेबांचं पत्र आहे’ हे चालतं. बऱ्याचदा तोच दादा पुढे गच्चीची किल्ली आणून देतो आणि कुठे गळतं ते इंजिनिअरपेक्षा नेमकं सांगतो. सुटीच्या दिवशी जाळ्या-छज्जे निवांत बघता येतात, पण आत जाता येत नाही. कामाच्या दिवशी उलट. पहिली फेरी सुटीच्या दिवशीच घ्यावी.

गाइडने करू नये अशी एक गोष्ट: प्रत्येक जुन्या खोक्याला ‘वारसा’ म्हणत सुटू नये. काही इमारती वाईटच होत्या, तेव्हाही आणि आताही. उलट चांगली असूनही जाते कशी, हे मात्र सांगावं. दिल्लीतलं राज रेवल यांचं हॉल ऑफ नेशन्स १९७२ चं, महेंद्र राज यांनी त्याचा काँक्रीटचा सांगाडा रचला होता. एप्रिल २०१७ मध्ये ते पाडलं गेलं, पंचेचाळीस वर्षांचं असताना. पुरातत्त्वाच्या कायद्यात प्राचीन स्मारकाला शंभर वर्षं लागतात. साठ सालची कचेरी त्या हिशेबात अजून पोरगीच. चंदीगडचं कॅपिटॉल संकुल २०१६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते कार्बुझिएच्या नावाने. तालुक्याच्या इमारतीला नाव नाही, म्हणून तिची निदान नोंद तरी करावी. चार बाजूंचे फोटो, कोनशिलेवरचा मजकूर, छज्ज्याची रुंदी, जाळीच्या ठोकळ्याचं माप, भिंतीची जाडी. बांधकाम खात्याच्या कार्यालयात मूळ नकाशाची निळी प्रत कधी कधी सापडते. तिचा फोटो मिळाला तर फेरीत छापून वाटावा. मूळ खिडकी कुठे होती आणि आता कुठे काच, कुठे चकचकीत पत्रा बसवलाय, हे नकाशा हातात असताना लोक आपणहून ओळखतात.

शेवटचा थांबा गच्चीचा ठेवा, साधारण साडेपाचला. दोन गच्च्या मिळाल्या तर उत्तम, एक कोबा शाबूत असलेली आणि एक उघड्या स्लॅबची. आधी वर उभं राहून हात टेकवा, मग खाली उतरून त्याखालच्या खोलीच्या छताला हात पोचत नसेल तर लांबून तापमान मोजणारी पिस्तुलासारखी साधी थर्मामीटर घ्या आणि दोन्ही छतांचा आकडा वहीत लिहा. वेळही लिहा. रात्री आठला कोणी तयार असेल तर पुन्हा जाऊन तोच आकडा घ्या.